पेशींचं म्हातारपण, कॅन्सर आणि आमची प्रयोगशाळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यापीठातल्या आमच्या प्रयोगशाळेचा फोन माझ्या टेबलाला लागून आहे, म्हणून ही उत्तरं लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी इथे पीएचडी करते, चौथं वर्ष सुरू आहे. फोन नागपुरातून येतात, विदर्भातल्या सगळ्या जिल्ह्यांतून येतात, छिंदवाडा-बालाघाटहूनही येतात. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत. उत्तरं मात्र फोनवर देते त्यापेक्षा लांब झालीत, कारण फोनवर मागे टायमर वाजत असतो.

तुमच्याकडे कॅन्सरचं औषध मिळते का?

नाही. हे पहिल्यांदाच सांगितलेलं बरं, कारण रात्रभर एसटीत बसून, हातात फायलींची पिशवी घेऊन आमच्या दारात उभी राहिलेली माणसं आम्ही पाहिली आहेत. आमच्याकडे डॉक्टर नाहीत, खाटा नाहीत, औषध लिहून द्यायचा अधिकार नाही. उपचारासाठी नागपुरात मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) आहे, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, मिहानला एम्स आहे. तिथेच जा.

आणि कृपा करून बायोप्सीचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवून "मॅडम, फक्त एवढं सांगा, कितवी स्टेज आहे" असं विचारू नका. त्यातले शब्द आम्हाला कळतात, पण पेशंट न पाहता त्यावर बोलणं आमचं काम नाही. असं बोललेलं एक वाक्य घरात आठवडाभर फिरत राहतं.

मग तुम्ही दिवसभर करता काय?

दोन गोष्टींच्या मागे आहोत. पेशी म्हातारी होऊन विभागायची थांबते तेव्हा तिच्यात काय काय बदलतं, ही एक. शरीराची राखण करणाऱ्या टी-पेशी कॅन्सरच्या पेशीसमोर येऊनही गप्प का राहतात, ही दुसरी. वरवर दोन वेगळे विषय वाटतात. विद्यापीठाच्या समितीलाही वाटले होते. पण कॅन्सरची पेशी ही म्हातारी व्हायला तयार नसलेली पेशी आहे, आणि म्हातारी पेशी मरायला तयार नसते. दोघींनाही हुडकून काढायचं काम रोगप्रतिकार यंत्रणेचंच, आणि ती यंत्रणा आपल्यासोबत थकत जाते. या तिघांचं एकमेकांशी कसं पटतं किंवा बिनसतं, ते आम्ही बघतो.

प्रत्यक्षात दिवस जातो पेशींचं खाणंपिणं करण्यात. सकाळी आल्या आल्या फ्लास्क उजेडात धरून मीडियाचा, म्हणजे पेशी ज्या द्रवात वाढतात त्याचा, रंग पाहायचा. गुलाबी असेल तर ठीक. पिवळा पडला असेल तर पेशी वाढून आत आम्ल झालंय, मीडिया बदला. पिवळाही आणि गढूळही असेल तर रात्रीतून बॅक्टेरिया शिरलेत. मग चहाही गोड लागत नाही.

पेशी म्हातारी होते म्हणजे? तिला सुरकुत्या पडतात का?

उलट ती पसरते. तरुण फायब्रोब्लास्ट पेशी (कातडीला आधार देणारे धागे विणणारी) सूक्ष्मदर्शकाखाली दिसते ती टोकदार, सडपातळ, माशासारखी. थांबलेली पेशी थापून ठेवलेल्या भाकरीसारखी चपटी आणि मोठी होते. ओळखायची एक जुनी युक्ती आहे, १९९५ पासूनची: ६ पीएचचं एक द्रावण घालून फ्लास्क रात्रभर ठेवला की थांबलेल्या पेशी निळ्या दिसतात. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हेच आधी दाखवते. कालपर्यंत सारख्या दिसणाऱ्या गर्दीत सकाळी मधूनमधून निळे डाग उमटलेले असतात. (फ्लास्क कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या ऊबदार पेटीत, ठेवायचा नाही, पीएच बिघडतो. आमची सगळ्यांची ही चूक एकदा करून झाली आहे.)

पूर्वी शास्त्रज्ञ मानत की शरीराबाहेर पेशी अमर असते. अॅलेक्सिस कॅरेल यांनी १९१२ पासून कोंबडीच्या पिल्लाच्या हृदयाच्या पेशी वर्षानुवर्षं जगवल्याचा दावा केला होता, आणि ते नोबेलविजेते असल्यामुळे फारसं कुणी उलट बोललं नाही. १९६१ मध्ये लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवलं की माणसाच्या साध्या पेशी साधारण ५० वेळा विभागतात आणि मग थांबतात. मला त्यातला गोठवण्याचा भाग सगळ्यात आवडतो. पेशी विसाव्या विभाजनानंतर गोठवून ठेवा, काही वर्षांनी बाहेर काढा. ती उरलेली तीसच पुरी करते. झोपेतही तिचा हिशोब चुकत नाही.

हा हिशोब गुणसूत्रांच्या टोकांवर लिहिलेला असतो. त्या टोकांना टेलोमिअर म्हणतात. तिथे टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं हजारो वेळा पुन्हा पुन्हा येतात. दर विभाजनात साधारण ५० ते १०० अक्षरं झिजतात. झीज एका हद्दीपलीकडे गेली की पेशीला वाटतं आपला डीएनएच तुटलाय, आणि ती कायमची ब्रेक लावते. टेलोमिअरचं हे कोडं सोडवल्याबद्दल एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरॉल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना २००९ चं नोबेल मिळालं. कॅन्सरच्या बहुतेक पेशी, दहांतल्या साडेआठ-नऊ, टेलोमरेज नावाचं विकर पुन्हा सुरू करून झिजलेलं टोक भरून काढतात. मग त्यांना थांबायचं कारणच उरत नाही.

थांबलेली पेशी चांगली की वाईट?

चौथ्या वर्षातही मला या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर देता येत नाही, आणि कुणी देत असेल तर मी जरा सावध होते.

तुमच्या हातावर एखादा तीळ असेल तर तो पाहा. अनेक तिळांतल्या पेशींमध्ये बीआरएएफ नावाच्या जनुकात अगदी तोच बिघाड असतो जो मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्ये सापडतो. म्हणजे ती पेशी वाटेवर निघाली होती. थोडी वाढली, आणि मग थांबली. ब्रेक लागला. बहुतेक तीळ आयुष्यभर तीळच राहतात ते या ब्रेकमुळे. इथे म्हातारपण म्हणजे राखण आहे.

आता दुसरी बाजू. थांबलेली पेशी गप्प बसत नाही. ती सतत रसायनं सोडते: सूज वाढवणारी, आजूबाजूचं मांस सैल करणारी, शेजारच्या पेशींना वाढ म्हणून सांगणारी. जखम झाली तर हाच आरडाओरडा कामाचा असतो. पेशी गोळा होतात, जखम भरते, मग रोगप्रतिकार पेशी येऊन थांबलेल्या पेशींना उचलून नेतात. गल्लीत लग्नाचा मांडव पडला तर चार दिवस कुणी काही म्हणत नाही. मांडव उतरलाच नाही, तर भांडणं होतात. वय वाढलं की उचलून नेणारे कमी पडतात, थांबलेल्या पेशी साठत जातात, आणि त्यांनी सोडलेल्या रसायनांत एखाद्या बिघडलेल्या शेजारणीला वाढायला आयती जमीन मिळते. २०११ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये (आपलं नागपूरचं मेयो हॉस्पिटल नव्हे) उंदरांच्या शरीरातून अशा पेशी काढून टाकल्या, तर म्हातारपणाच्या काही तक्रारी उशिरा आल्या. तिथून या विषयाला जोर चढला.

म्हणून आम्ही पेशी चांगली की वाईट हे विचारत नाही. ती किती दिवसांपासून तिथे बसली आहे आणि तिला न्यायला कुणी आलं का, हे विचारतो.

हत्तीला एवढ्या पेशी असतात, मग त्याला कॅन्सर जास्त व्हायला पाहिजे ना?

हा प्रश्न विज्ञान दिनाला आलेल्या सातवीतल्या मुलीने विचारला होता, आणि आमच्यातल्या दोघांना तो तेव्हा माहीतही नव्हता. तर्क बरोबर आहे. गडचिरोलीत कमलापूरच्या कॅम्पातल्या एखाद्या हत्तीणीत आपल्या कितीतरी पट पेशी आहेत, आयुष्यही लांब, तरी हत्तींना कॅन्सर कमीच होतो. एक कारण असं की डीएनए बिघडल्यावर पेशीला थांबवणारं किंवा मारणारं पी५३ हे जनुक आपल्याकडे एकच जोडी, म्हणजे आईकडून एक आणि वडिलांकडून एक इतकंच असतं. हत्तीत त्याच्या २० च्या आसपास जोड्या सापडल्या. सगळंच कोडं त्याने सुटत नाही, पण सातवीसाठी एवढं पुरे झालं.

एवढी राखण असताना कॅन्सर होतोच कसा?

टी-पेशींना मारता येतं तसं थांबताही यायला हवं. नाहीतर त्या आपलेच सांधे, आपलीच आतडी खायला लागतात. म्हणून त्यांच्या अंगावर ब्रेक असतात. एका ब्रेकचं नाव पीडी-१. तासुकु होंजो यांच्या जपानमधल्या प्रयोगशाळेने तो १९९२ मध्ये शोधला. दुसरा सीटीएलए-४, त्याचं काम जेम्स अॅलिसन यांनी अमेरिकेत केलं. कॅन्सरची पेशी काय करते, तर पीडी-१ या ब्रेकवर नेमका पाय ठेवणारा रेणू आपल्या अंगावर उगवते. टी-पेशी येते, ओळखते, आणि ब्रेक दाबला गेल्यामुळे तशीच उभी राहते. अॅलिसन आणि होंजो यांनी सुचवलेली गोष्ट ऐकायला साधी होती: ब्रेकवरचा पाय काढा. २०११ मध्ये या जातीचं पहिलं औषध अमेरिकेत मंजूर झालं, २०१८ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

वयाचा मुद्दा इथेही येतो. टी-पेशींची शाळा म्हणजे छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी. वयात आल्यानंतर ती आक्रसत जाते, तिच्या जागी चरबी भरते. साठीनंतर नवे विद्यार्थी जवळजवळ येत नाहीत. जुनेच पुन्हा पुन्हा विभागून संख्या टिकवतात, आणि त्यांची टोकं झिजतात. म्हणजे राखणदारही थांबलेल्या पेशी होऊ लागतात. आमच्या रक्ताच्या नमुन्यांत आम्ही हेच मोजतो: कुणाच्या किती टी-पेशींनी सीडी२८ हा तरुणपणाचा बिल्ला टाकून दिलाय.

डॉक्टरांनी इम्युनोथेरपी सांगितली आहे. घ्यावी का? खर्च झेपत नाही.

घ्यायची की नाही हे तुमचे डॉक्टरच सांगतील. मी फक्त हे सांगते की ती सगळ्यांना लागू पडत नाही, आणि लागू पडली नाही तर त्यात पेशंटचं काही चुकलं असं नसतं.

खर्चाबद्दल डॉक्टरांशी उघड बोला. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डोकं-मानेच्या पुढे गेलेल्या कॅन्सरच्या १५१ पेशंटांवर एक अभ्यास झाला, २०२३ च्या सुमारास छापून आला. गोळ्यांच्या स्वस्त उपचाराला निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या, म्हणजे टी-पेशींचा ब्रेक सोडवणाऱ्या औषधाची अगदी छोटी मात्रा, दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम, जोडून पाहिली. नेहमीची मात्रा याच्या दहापट आणि वर असते. नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगणारे १६.३ टक्के होते, छोटी मात्रा जोडल्यावर ४३.४ टक्के. तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे किती आहे हे पाहता हा अभ्यास आपल्या भागासाठी मोठा आहे. तुमच्या पेशंटला तो लागू आहे का, हे नीट विचारून घ्या. विचारायला लाजू नका. डॉक्टरांनाही खर्चाची कल्पना असते, पण कुणीतरी विषय काढावा लागतो.

आणि ती टी-पेशी बाहेर काढून बदलायची थेरपी?

कार-टी. पेशंटच्याच टी-पेशी काढायच्या, त्यांना कॅन्सर ओळखणारा नवा रिसेप्टर बसवायचा, वाढवायच्या आणि परत शरीरात सोडायच्या. भारतात आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून नेक्सकार१९ तयार झाली. तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी तिचं लोकार्पण केलं. खर्च परदेशापेक्षा बराच कमी, तरी सुरुवातीला ४० लाखांच्या आसपास होता. ती रक्ताच्या काही कॅन्सरसाठी आहे, बी-पेशींच्या. तोंडाच्या, स्तनाच्या, फुप्फुसाच्या गाठीसाठी नाही. "मुंबईला ते नवीन इंजेक्शन आलं म्हणे" असे फोन आले की आम्ही आधी एवढंच विचारतो: कॅन्सर रक्ताचा आहे की गाठीचा?

खर्रा खाल्ला तर कॅन्सर होतोच का? आमचे बाबा तीस वर्षांपासून खातात, त्यांना काही नाही झालं.

होतोच असं नाही. झाला की मात्र "काहून झाला" हे विचारायची गरज उरत नाही.

नागपूर सोडून कुणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी: खर्रा म्हणजे तंबाखू, बारीक सुपारी आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून, पाटीवर घासघासून घोटलेला ऐवज. तो चघळत नाहीत तितका गालात धरून ठेवतात. २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी झाली, पण खर्रा डोळ्यांदेखत ताजा घोटून मिळतो, म्हणून लोकांना तो घरगुती वाटतो. "तंबाखू नाही टाकत, नुसती सुपारी" हे उत्तरही आम्ही रोज ऐकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने तंबाखूशिवायची सुपारीही माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकून वीस वर्षं उलटली.

आमच्या विषयाचा धागा इथे थेट येतो. सुपारीने गालाच्या आतली कातडी ताठर, पांढुरकी होत जाते, तोंड उघडेनासं होतं; याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. त्या कातडीतून काढलेल्या फायब्रोब्लास्ट पेशींमध्ये थांबलेल्या, भाकरीसारख्या पसरलेल्या पेशी नेहमीपेक्षा जास्त सापडतात. पंचविशीतल्या मुलाच्या गालाचं म्हातारपण मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आहे. बायोप्सीचा तो तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा होता. संमतीपत्रावर वय २४ लिहिलेलं, आणि सकाळी फ्लास्कमध्ये जिकडेतिकडे निळं.

घरच्या घरी एक करा. आपली तीन बोटं, पहिलं-मधलं-अनामिका, उभी धरून तोंडात जातात का पाहा. बाबांनाही पाहायला लावा. जात नसतील, किंवा तोंडातला चट्टा, जखम दोन आठवडे भरली नसेल, किंवा तिखट लागलं की आग होत असेल, तर दंतवैद्याकडे जा. इतक्या लवकर गेलात तर बरंच काही वाचतं.

इम्युनिटी वाढवायला काय खावं? अमुक काढा चालेल का?

"वाढवणे" हा शब्दच आम्हाला अडचणीचा वाटतो. इम्युनिटी हा रेडिओचा आवाज नाही. ती नको तिथे वाढली की संधिवात, सोरायसिस होतो. ब्रेक काढणाऱ्या औषधांचे दुष्परिणाम नेमके असेच दिसतात, आतड्याला सूज, थायरॉइडवर हल्ला. झोप, चालणं, घरचं जेवण, शुगर ताब्यात, तंबाखू बंद, लशी वेळेवर. कंटाळवाणी यादी आहे, मला माहीत आहे. कीमो सुरू असताना कुठलाही काढा किंवा चूर्ण डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नका, यकृताला दोन्ही बाजूंचं काम पडतं.

संत्री?

खा. चांगली लागतात. कॅन्सरसाठी नाही.

म्हातारपण थांबवायची गोळी निघाली म्हणतात?

थांबलेल्या पेशींना निवडून मारणाऱ्या औषधांवर काम सुरू आहे. डॅसॅटिनिब हे रक्ताच्या कॅन्सरचं औषध आणि कांद्यात-सफरचंदात असणारं क्वेर्सेटिन ही जोडी २०१५ मध्ये पुढे आली. माणसांवर चाचण्या चालू आहेत. उंदरात दिसलेलं माणसात दिसेलच असं नाही, आणि वर सांगितलेला तीळ विसरू नका: प्रत्येक थांबलेली पेशी काढून टाकणं शहाणपणाचं आहे का, हेच अजून भांडणात आहे. ऑनलाइन "टेलोमिअर वाढवा" म्हणून विकतात त्या डब्यांवर पैसे घालू नका. टेलोमिअर भरून काढण्यात सगळ्यात पटाईत कोण, ते वर आलंच आहे.

या पेशी तुम्ही आणता कुठून?

तीन ठिकाणांहून. काही पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून, तिथे देशातली पेशींची मोठी बँक आहे. काही ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्यातून, पेशंटच्या लेखी संमतीने. आणि काही तुमच्यासारख्यांच्या रक्तातून.

संमतीवर आम्ही अडून बसतो त्यामागे एक गोष्ट आहे. जगभरात वापरल्या जाणाऱ्या हेला पेशी हेन्रिएटा लॅक्स या ३० वर्षांच्या कृष्णवर्णीय अमेरिकन बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून १९५१ मध्ये घेतल्या गेल्या. तिला विचारलं नव्हतं. ती त्याच वर्षी गेली. पेशी आजही आमच्या इन्क्युबेटरमध्ये आहेत. घरच्यांना कित्येक वर्षं पत्ताही नव्हता. नवीन मुलं आली की आमच्या गाईड मॅडम त्यांना फ्लास्क हातात देण्याआधी हे सांगतात.

रक्त किती घेता आणि त्याचं करता काय?

१० मिलिलिटर, म्हणजे दोन चमचे. घेणारी नर्स असते, आम्ही नाही. आधी मराठी किंवा हिंदीतलं संमतीपत्र वाचून दाखवतो. नको वाटलं तर अर्ध्यातून उठून जाता येतं. नळीवर नाव नसतं, आकडा असतो.

नंतरचं काम बघण्यासारखं आहे. एका नळीत फिकॉल नावाचा जड, पाण्यासारखा स्वच्छ द्रव घेतो, आणि त्यावर तुमचं रक्त थेंबथेंब, नळी तिरकी धरून, मिसळू न देता सोडतो. मग अर्धा तास सेंट्रिफ्यूज, म्हणजे नळ्या गरगर फिरवणारं यंत्र. बाहेर काढल्यावर थर लागलेले असतात: वर पिवळसर प्लाझ्मा, तळाला लाल, आणि मधे दुधावरच्या सायीसारखं एक पातळ पांढरं कडं. टी-पेशी त्या कड्यात असतात, साधारण एक कोटी. ते कडं पिपेटने उचलताना कुणी कुणाशी बोलत नाही. सेंट्रिफ्यूज थांबताना ब्रेक बंद ठेवावा लागतो, नाहीतर झटक्याने थर मिसळतात. गेल्या वर्षी एका अमरावतीच्या आजींनी दोन बस बदलून येऊन रक्त दिलं आणि मी ब्रेक बंद करायला विसरले. फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "असू दे बाई, माझ्याही कालच्या भाकरी करपल्या." पुढच्या महिन्यात परत आल्या.

माझ्या रक्तातून मला कॅन्सर आहे का ते सांगाल?

नाही सांगू शकत. आमच्या चाचण्या त्यासाठी नाहीत. "मॅडम, काही दिसलं तर सांगाल ना" असं प्रत्येकजण दारातून बाहेर पडताना विचारतो, म्हणून हा प्रश्न वेगळा लिहिला.

एवढं ऊन असताना तुमच्या कल्चर रूममध्ये कूलर का नाही?

हा प्रश्न नवीन विद्यार्थ्यांचा. कूलर म्हणजे ओल्या ताट्यांतून येणारी हवा, आणि ओल्या ताट्यांत बुरशी. २०२३ च्या मे महिन्यात कुणीतरी बाहेरच्या पॅसेजमध्ये कूलर लावला आणि आमचं दार जरा उघडं राहिलं. चौथ्या दिवशी फ्लास्कच्या तळाशी कापसाच्या वातीसारखे पांढरे पुंजके तरंगत होते. आठवड्याच्या आत सगळी खोली रिकामी केली, हूडपासून नळाच्या तोटीपर्यंत ७० टक्के अल्कोहोलने पुसली. (७०च. निखळ अल्कोहोल लगेच उडून जातं आणि पाण्याशिवाय नीट मारत नाही.)

उन्हाळ्याची खरी पंचाईत वेगळीच. इन्क्युबेटरला तापवता येतं, गार करता येत नाही. पेशींना ३७ अंश हवेत; खोलीच चाळिशीला गेली तर इन्क्युबेटरही चाळिशीला जातो आणि पेशी मरतात. म्हणून एसी चैनीसाठी नाही. वीज गेली की जनरेटरवर इन्क्युबेटर चालतात, एसी चालत नाही. अशा दुपारी आम्ही बर्फाच्या लाद्या आणून खोलीत ठेवल्या आहेत, अगदी लग्नाच्या हॉलमध्ये ठेवतात तशा. बाहेरून येणारं, पेशींच्या खाण्यातलं सिरम कोरड्या बर्फात निघतं. एकदा कुरिअरवाल्यांनी खोकं शनिवार-रविवार गोदामात ठेवलं. उघडलं तर कोरडा बर्फ हवेत उडून गेलेला, बाटल्या कोमट. त्या महिन्याचं काम तिथेच संपलं.

उंदरांवर प्रयोग करता का?

आमच्याकडे नाही. त्याला वेगळी परवानगी, वेगळं घर आणि वेगळी माणसं लागतात.

मला इथे पीएचडी करायची आहे. काय लागतं?

बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी किंवा झूलॉजीत एमएस्सी. नेट-जेआरएफ (परीक्षा देऊन मिळणारी संशोधनाची फेलोशिप) असेल तर उत्तम; २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. ते दर महिन्याला येतील असं समजू नका. मी सात महिने थांबून एकदम घेतलेत, आणि तोवर घरभाडं आईने भरलं. मार्कांपेक्षा आम्ही हे बघतो की रविवारी सकाळी पेशींना खायला घालायला कोण येईल. पेशींना रविवार नसतो, दिवाळीही नसते. पाडव्याला कोण येणार याच्या चिठ्ठ्या आम्ही सप्टेंबरातच टाकतो.

रक्त द्यायला उपाशीपोटी यायचं का?

नाही, खाऊन या. चक्कर येऊन पडलात तर आमची धावपळ होते. फक्त तर्री-पोहे खाऊन येणार असाल तर तर्री थोडी कमी घ्या. तेलकट खाऊन तास-दोन तासात रक्त दिलं की प्लाझ्मा दुधासारखा पांढरा होतो आणि ते पातळ कडं दिसतच नाही. तर्रीची राहिलेली हौस नंतर भागवू. रक्त दिल्यावर चहा आणि पोहे आमच्याकडे असतात.